भाषेला विद्यापीठ मिळतं तेव्हा



आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, हा विद्यापीठाच्या सूचनाफलकावर लावायचा कागद आहे, रेडिओवरून बोलायची गोष्ट नव्हे. कुर्द भाषा, इतिहास आणि समाज यांचा अभ्यास आणि त्याच्या जोडीला शांतता-संशोधन, या विषयांसाठी पदवीनंतर शिकणाऱ्या मुलामुलींना काही परदेशी विद्यापीठं आणि संस्था अभ्यासवृत्ती देत आल्या आहेत. आपल्याकडे आता सगळे ‘फेलोशिप’च म्हणतात. दोन-तीन वर्षांचा खर्च, राहण्याची सोय, एक मार्गदर्शक आणि ग्रंथालयाचं ओळखपत्र, एवढाच तिचा ऐवज असतो. कुणी म्हणेल, कुठले कुर्द, कुठलं ते शांतता-संशोधन, आणि आपल्याला त्याचं काय?

अभ्यासवृत्ती किती लांब जाते, हे महाराष्ट्रात तरी कुणाला सांगायला नको. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुण पदवीधराला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. त्या तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर. तिथे १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींविषयी आपला निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके लहानपणापासून अंगाला बसले होते, तीच व्यवस्था त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर ठेवून तपासली. अपमान सोसणाऱ्याला अपमानाची घडण समजून घ्यायला सवड लागते, पुस्तकं लागतात आणि थोडं अंतरही लागतं. ही सवड, ही पुस्तकं आणि हे अंतर पुरवायचं काम शिष्यवृत्ती करते. सुलेमानियाची किंवा दियारबकीरची एखादी मुलगी जेव्हा आपल्याच लोकांच्या दुःखावर प्रबंध लिहायला परदेशी जाते, तेव्हा ती त्याच वाटेनं जात असते. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

आधी कुर्द कोण, ते थोडक्यात सांगतो. तुर्कस्तानचा पूर्व भाग, इराकचा उत्तर भाग, इराणचा पश्चिम भाग आणि सीरियाची उत्तरेकडची पट्टी, असा हा सलग डोंगराळ मुलूख. त्यांची नेमकी गणती कुठल्याच सरकारनं मनापासून केलेली नाही. अंदाज साधारण तीन कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य कोसळलं. १९२० च्या सेव्हर्सच्या तहात कुर्दांना स्वायत्तता आणि पुढे स्वातंत्र्याची शक्यता कागदावर मिळाली. तीनच वर्षांनी, १९२३ साली, लोझानला दुसरा तह झाला आणि त्यात कुर्दांचा साधा उल्लेखही राहिला नाही. नव्या सीमारेषा घराघरांच्या मधून गेल्या. एका भावाचं घर तुर्कस्तानात आणि दुसऱ्याचं सीरियात, असं झालं.

त्यांची भाषा आपल्या भाषेची दूरची नातेवाईक आहे. ती इराणी शाखेतली, आपली मराठी भारतीय-आर्य शाखेतली. मूळ घराणं एकच. कुर्मांजी बोलीतले आकडे ऐका : येक, दू, से, चार, पेंज, शेश, हेफ्त, हेश्त, नेह, देह. आपल्या शाळेतली मुलंसुद्धा हे आकडे ओळखतील. नव्याला ते ‘नू’ म्हणतात, बैलाला ‘गा’ म्हणतात. आणि माणसाच्या नावाला काय म्हणतात? ‘नाव’. अगदी आपल्यासारखं, नाव. फारसीत ते ‘नाम’च राहिलं. कुर्दांच्या आणि आपल्या तोंडी मात्र त्याचं ‘नाव’ झालं.

आणि नेमकं हे नावच त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. तुर्कस्तानात १९२४ पासून कुर्द भाषेतल्या शाळा बंद झाल्या. कुर्द असं काही नसतंच, ते ‘डोंगरी तुर्क’ आहेत, असं अनेक वर्षं अधिकृतपणे सांगितलं गेलं. १९८३ साली झालेल्या एका कायद्यानं या भाषेतलं प्रकाशन बेकायदा ठरवलं. गंमत म्हणजे त्या कायद्यात कुर्द हा शब्दही नव्हता. कायद्याची शब्दरचनाच अशी, की बंदी बरोबर कुर्द भाषेवर येऊन पडावी. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. तरी अक्षरांचा प्रश्न उरलाच. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं कुर्दांच्या रोमन वर्णमालेत आहेत, तुर्की वर्णमालेत नाहीत. नवरोजच्या सणाचं नाव कुर्द पद्धतीनं डब्ल्यू घालून लिहिलं, म्हणून लोकांवर खटले भरले गेले. एका तुर्की टीव्ही वाहिनीच्या नावात मात्र तोच डब्ल्यू खुशाल झळकत होता. ही अडचण २०१३ साली दूर झाली. सीरियात १९६२ च्या एका शिरगणतीनं सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं. ते परत द्यायला २०११ साल उजाडलं.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. कुर्द बहुसंख्येनं सुन्नी मुसलमान आहेत. त्यांच्यात अलेवी आहेत, यझिदी आहेत, यारसानी आहेत. ज्या राज्यांनी त्यांची भाषा दाबली, ती राज्यंही मुसलमानांचीच. धर्म एक असल्यानं भाषा वाचली नाही. १९५२ साली ढाक्यात २१ फेब्रुवारीला बंगाली भाषेसाठी पोरं गोळीबारात मेली, तेव्हाही मारणारे आणि मरणारे एकाच धर्माचे होते. मी मराठीत कविता लिहितो. “तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?” हा प्रश्न मला आजवर कितीतरी वेळा विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण धर्माला एक ठरलेली भाषा असते आणि भाषेला एक ठरलेला धर्म असतो, ही समजूत किती खोलवर गेलेली असते, ते त्या प्रश्नातून कळतं. कुर्दांचा इतिहास वाचताना म्हणूनच मी थोडा जास्त सावध होऊन वाचतो.

आता अभ्यासाकडे येऊ. ज्या भाषेत घरी शाळा नाही, छापखाना नाही, तिचा अभ्यास कुठे होणार? उघड आहे, घराबाहेर. कुर्दांचं पहिलं वर्तमानपत्र २२ एप्रिल १८९८ रोजी निघालं, ते कैरोत. कुर्मांजीला रोमन लिपी देणारं ‘हावार’ हे नियतकालिक जलादत बदिरखान यांनी १९३२ साली काढलं, ते दमास्कसमध्ये. सोव्हिएत आर्मेनियात १९५५ पासून येरेवानच्या रेडिओवर कुर्द भाषेतला कार्यक्रम नियमित होऊ लागला. “येरेवान खबर दिदे”, म्हणजे येरेवान खबर देतंय, अशी त्याची सुरुवात. सीमेपलीकडे तुर्कस्तानातल्या खेड्यांत लोक दारं लावून, आवाज बारीक करून तो ऐकत. आपली गाणी, आपले पोवाडेवजा कथागायक, आपल्या भाषेतले आकडे आणि बातम्या आकाशातून येतात आणि त्यांना पारपत्र लागत नाही, याचं त्यांना किती अप्रूप वाटलं असेल! रेडिओवर बोलताना या रेडिओची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

विद्यापीठांतला अभ्यासही असाच बाहेर वाढला. नेदरलँड्सचे मार्टिन व्हान ब्रुइनेसेन यांनी कुर्द समाजातले जमीनदार, सूफी शेख आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांवर उट्रेख्त विद्यापीठात १९७८ साली प्रबंध सादर केला. तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. इराणमधल्या महाबादचे अमीर हसनपूर कॅनडात गेले आणि भाषा व राष्ट्रवाद यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९२ साली आला. पॅरिसमध्ये १९८३ साली कुर्द संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत चित्रपट दिग्दर्शक यिल्माझ ग्युनेय होते, कवी जिगरख्वीन होते. ग्रंथालय, शब्दकोशाचं काम, आणि कुर्द विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, हे त्या संस्थेनं केलं. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात २००६ साली कुर्द अभ्यास केंद्र सुरू झालं. स्वीडननं तर १९७० च्या दशकात स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत मातृभाषा शिकवायचं धोरण घेतलं; त्याचा फायदा कुर्द मुलांनाही झाला आणि मेहमेद उझून यांच्यासारखा कादंबरीकार स्वीडनमध्ये बसून कुर्मांजीत लिहू शकला.

आणि घरी? घरी हा अभ्यास करणाऱ्याला काय मिळालं, त्याचं उत्तर म्हणजे इस्माईल बेशिकची. हे समाजशास्त्रज्ञ १९३९ साली जन्मलेले, स्वतः तुर्क, कुर्द नव्हेत. तुर्कस्तानच्या पूर्व भागातल्या समाजाचा अभ्यास करताना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. १९६९ साली त्यांचं पूर्व अनातोलियावरचं पुस्तक आलं. पुढे विद्यापीठातली नोकरी गेली आणि एकामागून एक खटले सुरू झाले. आयुष्यातली सतरा वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. त्यांच्या छत्तीस पुस्तकांपैकी बत्तीसांवर बंदी आली. दुसऱ्याच्या भाषेसाठी आपल्या आयुष्याची सतरा वर्षं देणारा माणूस मला कुठल्याही पदवीपेक्षा मोठा वाटतो.

आता विषयाचा दुसरा भाग, शांतता-संशोधन. हा शब्द आपल्याकडे जरा भाबडा वाटतो. शांततेवर संशोधन काय करायचं, शांत बसलं म्हणजे झालं! पण या शास्त्राचा उगम आपल्या इतका जवळ आहे की आपल्याला त्याची ओळख असायला हवी. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ऑस्लोत शांतता-संशोधन संस्था सुरू केली. त्याआधी सक्तीची लष्करी सेवा नाकारल्याबद्दल ते तुरुंगात होते आणि तिथे त्यांनी गांधीजींच्या राजकीय नीतीवरच्या पुस्तकाचं काम केलं. आर्ने नेस या तत्त्वज्ञासोबत लिहिलेलं ते पुस्तक १९५५ साली निघालं. १९९३ साली त्यांना जमनालाल बजाज यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जमनालालजी म्हणजे वर्ध्याचे, हे सांगायला नकोच. गाल्टुंग २०२४ साली वारले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गोळीबार थांबला म्हणजे जी येते ती अर्धीच शांतता. माणसाला भूक, अपमान, बंदी यांनी रोज थोडं थोडं मारणारी व्यवस्था तशीच असेल, तर हिंसा चालूच आहे. फक्त तिचा आवाज होत नाही. याला ते रचनेतली हिंसा म्हणत. शाळेत आपल्या भाषेत बोललं म्हणून छडी खाणारा मुलगा आठवा. त्याच्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही. युद्धाच्या कुठल्याही तक्त्यात त्याची नोंद होणार नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या सशस्त्र संघर्षांची मोजदाद होते. एका वर्षात लढाईत किमान पंचवीस माणसं मेली तर तो संघर्ष त्यांच्या नोंदीत येतो. हे मोजणं फार मोलाचं आहे. सरकारं आकडे लपवतात तेव्हा कुणीतरी मोजलंच पाहिजे. पण चोविसाव्या मृत्यूचं आणि त्या छडीचं काय, हा प्रश्नही कुणीतरी धरून ठेवावा लागतो. कुर्द अभ्यास आणि शांतता-संशोधन एकाच अभ्यासवृत्तीत का येतात, ते इथे कळतं. एकात भाषा कळते, माणसं कळतात. दुसऱ्यात त्यांच्या दुःखाकडे पाहायची शिस्त मिळते.

ही शिस्त म्हणजे काय, ते एका कवयित्रीच्या उदाहरणानं सांगतो.

१९८८ साली सद्दाम हुसेनच्या राजवटीनं इराकी कुर्दिस्तानात एक मोहीम चालवली. फेब्रुवारी ते सप्टेंबर, आठ टप्प्यांत. खेडी जमीनदोस्त केली, पुरुषांना ट्रकांत भरून वाळवंटात नेलं आणि गोळ्या घालून खड्ड्यांत पुरलं. बायका, मुलं, म्हातारे यांना तुरुंगांत आणि छावण्यांत डांबलं. कित्येक ठिकाणी त्यांनाही मारलं. त्याच वर्षी १६ मार्चला हलबजा गावावर विषारी वायू सोडला; त्यात सुमारे पाच हजार माणसं मेली. संपूर्ण मोहिमेत किमान पन्नास हजार आणि कदाचित एक लाख माणसं मारली गेली, असा मानवी हक्कांच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. कुर्द स्वतः हा आकडा एक लाख ब्याऐंशी हजार सांगतात. या मोहिमेला राजवटीनं नाव दिलं ‘अनफाल’. हे कुराणातल्या आठव्या सूऱ्याचं नाव आहे. ज्या ग्रंथातली वचनं त्या खेड्यांतल्या आया रोज म्हणत होत्या, त्याच ग्रंथातलं नाव त्यांच्या मुलांना मारायच्या मोहिमेला दिलं गेलं. मुसलमान म्हणून हे मी जेव्हा प्रथम वाचलं, तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

१९९१ च्या उठावात कुर्दांच्या हाती इराकी गुप्त पोलिसांची कागदपत्रं लागली. वजन सुमारे अठरा टन. ती अमेरिकेत नेली गेली आणि संशोधकांनी ती वाचून काढली. १९९३ साली त्यावरचा अहवाल निघाला. मारणाऱ्यांनीच ठेवलेल्या नोंदी मारणाऱ्यांविरुद्ध पुरावा झाल्या. पण त्या अठरा टनांत एक गोष्ट सापडणार नव्हती. ज्या बायका मागे उरल्या, त्यांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न चोमान हार्दी यांनी घेतला. त्या १९७४ साली सुलेमानियात जन्मल्या; वडील अहमद हार्दी नामवंत कवी. १९९३ साली त्या निर्वासित म्हणून इंग्लंडला आल्या. ऑक्सफर्डला शिकल्या, लंडनला शिकल्या, केंट विद्यापीठात कुर्द निर्वासित स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर त्यांनी पीएच.डी. केली. मग लीव्हरहल्म ट्रस्टची अभ्यासवृत्ती मिळाली आणि अनफालमधून वाचलेल्या स्त्रियांना भेटायला त्या परत आपल्या मुलखात गेल्या. त्यातून २०११ साली त्यांचा ग्रंथ आला. नवरा मेला की जिवंत आहे हे वर्षानुवर्षं न कळणं, त्यामुळे धड सधवा नाही आणि धड विधवा नाही अशा अवस्थेत घर चालवणं, मजुरी करणं, गावाच्या नजरा सोसणं, हे सगळं त्या ग्रंथात येतं. अनफालच्या स्मारकांत आणि भाषणांत या बाईला बहुधा रडणारी आई एवढीच जागा होती. हार्दींनी तिला बोलू दिलं.

अशा कामाचे नियम कडक असतात. समोरच्या बाईला आधी सांगावं लागतं, मी कोण, हे कशासाठी विचारते आहे, तुम्ही नको म्हणालात तर मी उठून जाईन. नाव बदलावं लागतं. बोलता बोलता ती कोसळली तर यंत्र बंद करून नुसतं शेजारी बसावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मदतीचं खोटं आश्वासन द्यायचं नसतं. आम्ही कवी मंडळी दुसऱ्याच्या दुःखावर फार पटकन ओळ लिहून मोकळे होतो. हार्दी कवयित्री आहेत. इंग्रजीतले त्यांचे संग्रह गाजलेले आहेत. तरी त्यांनी आधी ही शिस्त पाळली, याचं मला मोल वाटतं.

पण इथेच एक टोचणारा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. हे सगळं कुणासाठी? पैसा लंडनचा, ग्रंथ इंग्रजीत, किंमत एवढी की छावणीतल्या बाईच्या वर्षाच्या मिळकतीतही कदाचित बसणार नाही. तिनं आपलं आयुष्य सांगितलं, पदवी मात्र दुसऱ्याला मिळाली. जगभर दुःखाचा असा अभ्यास होतो आणि दुःख जिथल्या तिथे राहतं. या प्रश्नाला मला एकच प्रामाणिक उत्तर दिसतं, आणि तेही हार्दींच्याच आयुष्यात. त्या २०१४ साली सुलेमानियाला परतल्या, तिथल्या अमेरिकन विद्यापीठात शिकवू लागल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष संबंध आणि विकास यांच्या अभ्यासाचं केंद्र त्यांनी उभं केलं. अभ्यासवृत्ती हे एक ऋण आहे. पैसे देणारी संस्था ते परत मागत नाही. ते ज्यांच्याविषयी आपण लिहिलं त्यांचं फेडायचं असतं. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला घरही मिळालं नाही. पण घेतलेलं शिक्षण त्यांनी कुणाला दिलं, ते आपण जाणतोच.

दुसरी अडचण पैसा देणाऱ्याच्या नावाची. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत शांतता केंद्राच्या अंतर्गत कुर्द अभ्यासाचं एक पद मुल्ला मुस्तफा बारझानी यांच्या नावानं निर्माण झालं. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात जलाल तालाबानी यांच्या नावाचं अध्यासन आलं. दोघेही मोठे नेते, यात शंका नाही. पण याच दोघांचे पक्ष १९९४ ते १९९८ एकमेकांशी लढले. कुर्दांनी कुर्दांना मारलं. १९९६ साली तर एका पक्षानं दुसऱ्याला अर्बिलमधून हुसकण्यासाठी सद्दामच्याच फौजेला बोलावलं. अनफालला तेव्हा आठ वर्षंही पुरी झाली नव्हती. नेत्याच्या नावाच्या अभ्यासवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला या भाऊबंदकीवर प्रबंध लिहिता येतो का, ही त्या अभ्यासवृत्तीची खरी परीक्षा. आपल्याकडेही महापुरुषांच्या नावानं अध्यासनं आणि संशोधन संस्था आहेत. हा प्रश्न आपणही आपल्या घरी विचारायला हरकत नाही.

तिसरी अडचण सरकारची. तुर्कस्तानात काही काळ दारं किलकिली झाली होती. मार्दिनच्या विद्यापीठात कुर्द भाषेचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, २०१२ पासून शाळांत ती ऐच्छिक विषय म्हणून आली. सरकार आणि कुर्द कामगार पक्ष, म्हणजे पीकेके, यांच्यात बोलणी चालू होती. १९८४ पासून चाललेल्या त्या लढाईत चाळीस हजारांहून अधिक माणसं मेली आहेत. त्यांत सैनिक आहेत, बंडखोर आहेत, आणि दोन्ही बाजूंकडून मारले गेलेले साधे गावकरी आहेत. २०१५ च्या जुलैत ती बोलणी मोडली आणि कुर्द शहरांत पुन्हा रणगाडे आले. ११ जानेवारी २०१६ रोजी १,१२८ प्राध्यापक-संशोधकांनी एक निवेदन काढलं : हे थांबवा, पुन्हा बोलणी करा, या गुन्ह्यात आम्ही सहभागी होणार नाही. पुढे सह्या दोन हजारांवर गेल्या. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, पारपत्रं रद्द झाली, आठशेहून अधिक जणांवर खटले चालले. शांतता हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्यांच्यावर शांतता मागितल्याबद्दल आरोपपत्र! २०१९ च्या जुलैत तिथल्या घटना न्यायालयानं, या शिक्षांमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, असा निर्णय दिला. पण मधली वर्षं आणि मोडलेले संसार न्यायालयालाही परत देता येत नाहीत.

यातले बरेच जण जर्मनीला गेले. त्यांना तिथे आधार मिळाला तो फिलिप श्वार्त्स यांच्या नावाच्या अभ्यासवृत्तीचा. हे श्वार्त्स कोण? फ्रँकफुर्टचे ज्यू प्राध्यापक. १९३३ साली हिटलर आला आणि त्यांना पळावं लागलं. झ्युरिखला जाऊन त्यांनी हाकललेल्या प्राध्यापकांसाठी एक मदत संस्था काढली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तुर्की सरकारशी बोलून कितीतरी जर्मन विद्वानांची सोय लावली. कुठे, तर इस्तंबूल विद्यापीठात. १९३३ साली तुर्कस्ताननं जर्मनीच्या विद्वानांना आसरा दिला. ऐंशीहून अधिक वर्षांनी जर्मनीनं तुर्कस्तानच्या विद्वानांना दिला, आणि तोही त्याच माणसाच्या नावानं. कुठलाही देश कायमचा आश्रयदाता नसतो आणि कुठलाही कायमचा हाकलणाराही नसतो, हे यावरून आपणही ध्यानात ठेवावं.

आता पुन्हा काही हालचाल झाली आहे. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तुरुंगातून अब्दुल्ला ओजलान यांनी शस्त्रं खाली ठेवायचं आवाहन केलं. मे महिन्यात पीकेकेनं आपलं विसर्जन जाहीर केलं. ११ जुलैला सुलेमानियाजवळ तीस बंडखोरांनी आपल्या बंदुका एका मोठ्या कढईवजा भांड्यात ठेवून पेटवून दिल्या. बंदूक जळायला काही मिनिटं लागतात. त्यानंतरचं काम मात्र पिढ्यांचं आहे. डोंगरातून उतरलेल्या तरुणाचं काय करायचं, ज्या सैनिकाच्या आईनं मुलगा गमावला तिच्याशी कोण बोलणार, कुठल्या वर्गात कुठली भाषा शिकवायची, खड्ड्यांतल्या हाडांना नाव कसं द्यायचं? ही कामं सेनापतींची नव्हेत. ती भाषा जाणणाऱ्या, मोजता येणाऱ्या आणि समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या माणसांची आहेत. अशी माणसं आयत्या वेळी मिळत नाहीत. ती दहा-दहा वर्षं आधी, कुठल्या तरी अभ्यासवृत्तीवर, कुठल्या तरी ग्रंथालयात तयार होत असतात.

आपल्या मुलांनीही या वाटेकडे पाहावं, असं मला वाटतं. रोटरीच्या शांतता अभ्यासवृत्त्या २००२ पासून जगभरच्या पदवीधरांना मिळत आल्या आहेत. उप्साला आणि ब्रॅडफर्ड ही त्यांची जुनी केंद्रं. ब्रॅडफर्डला शांतता अभ्यासाचा विभाग १९७३ साली निघाला, त्यामागे क्वेकर पंथाच्या मंडळींचा पुढाकार होता. अर्जात ते गुणपत्रिका पाहतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. तुम्हाला हा प्रश्न का पडला आणि शिकून परत गेल्यावर तुम्ही काय करणार, हे ते विचारतात. ज्या मुलानं आपल्या गावात दंगलीनंतर दोन मोहल्ल्यांत पुन्हा येणं-जाणं सुरू करून दिलं असेल, पाण्याच्या भांडणात दोन वाड्यांना एका सतरंजीवर बसवलं असेल, त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असतं. फक्त त्याला अभ्यास म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि तो मुलगा, ती मुलगी जर कधी कुर्द विद्यार्थ्याच्या शेजारी वर्गात बसली, तर ओळख करून घ्यायला फार इंग्रजी लागणार नाही. नाव विचारायचं. ‘नाव’ हा शब्द दोघांनाही कळेल.